पाहुण्या बँडचं जेवण

व्हर्ना कोल्टरमनला ती बातमी कळली रेडिओवरून, आणि तीही गिऱ्हाइकाच्या केसांत शाम्पूचा फेस असताना. जुलै होता, गहू कापून झाला होता, आणि मेन स्ट्रीटवरच्या तिच्या पार्लरमध्ये दुपारची सुस्ती होती. गव्हाचे भाव सांगणाऱ्या माणसानं त्याच सुरात सांगून टाकलं, की आपलं टिल्डन फोर्क कॉलेज पुढच्या वर्षीपासून 'प्लेन्स सेव्हन' सोडतंय आणि 'कोस्टल कॉन्फरन्स'मध्ये जातंय. मग लगेच डुकरांचे भाव.

"कोस्टल?" व्हर्ना रेडिओकडे बघून ओरडली. "अरे मेल्यांनो, कॅन्ससला किनारा आहे कुठे?"

"पाणी फार गरम आहे गं," खुर्चीतून पास्टरची बायको कळवळली.

"पाणी नाही, मी तापलेय."

तापायला कारणही होतं. आमच्या भागातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे काउंटीचं तळं; ऑगस्टमध्ये त्याच्या मधोमध गाई उभ्या असतात. तरी आमच्या कॉलेजच्या वरिष्ठांना एका सकाळी उठल्यावर आपण समुद्रकिनारी राहतो असा साक्षात्कार झाला. तो टेलिव्हिजनवाल्यांच्या पैशानं घडवला, हे वेगळं सांगायला नको.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजार. एका रेल्वेलाइनवरच्या सात कॉलेजांनी जुन्या काळी ठरवलं, की दर हंगामात आपण आपापसात फुटबॉल खेळायचा. बॉल काखेत मारून पळायचं आणि आडवा येईल त्याला लोळवायचं, तो आमचा फुटबॉल. शनिवारी खेळून रविवारच्या चर्चला घरी पोचता येईल इतक्याच लांब जायचं, असा साधा हिशेब होता. झाली कॉन्फरन्स. सोयरीक आली की रुसवेफुगवे आलेच, तेही झाले. पण रुसायलासुद्धा समोरचा माणूस ओळखीचा लागतो.

व्हर्नाच्या आजीच्या काळात एका नोव्हेंबरात नेब्रास्कातल्या ओरिन कॉलेजचा बँड खेळ संपल्यावर बर्फात अडकला. खेळाडूंची सोय कॉलेजनं हॉटेलात केली. तुतारी आणि ढोल वाजवणाऱ्या पोरांचा विचार कुणीच केला नव्हता. ती बिचारी स्टेशनात कुडकुडत बसली होती. तेव्हा लुथरन चर्चच्या बायकांनी त्यांना तळघरात आणून घरात होतं ते वाढलं: खिमा-राजम्याची दाट चिली आणि तिच्यात बुडवून खायला दालचिनीचे गोड रोल. बाहेरच्या लोकांना ही जोडी ऐकूनच कसंतरी होतं. आमच्याकडे शाळेच्या डब्यापासून मयताच्या जेवणापर्यंत तीच असते. तेव्हापासून नियम झाला, खेळाडूंना कॉलेज जेवू घालील, पाहुण्या बँडला गाव. पुढे कॉन्फरन्समधल्या सगळ्या गावांनी तो उचलला. क्लॅरिनेट वाजवणारं पोर उपाशी परत गेलं, तर गावाची अब्रू गेली.

व्हर्ना स्वतः कधी कॉलेजात शिकली नाही. बाप धान्याच्या कोठारावर कामाला, घरी पाठची भावंडं. शाळा संपली तशी ती केस कापायला शिकली. ड्वाइटशी लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात ती या तळघरात कांदे सोलायला उभी राहिली, आणि एकेक म्हातारी थकत गेली तशी पळी तिच्या हातात आली. कांदे सोलणारीची पळीवाली व्हायला अर्धं आयुष्य जातं. शनिवारी ती कॉलेजचं जांभळं जॅकेट घालायची ते असं, की जणू तिनंच ते कॉलेज बांधलंय. आणि खरं सांगायचं तर तिच्यासारख्यांनीच बांधलं होतं.

कॉन्फरन्समध्ये कोण आलं नि कोण गेलं, हे तिच्या स्वयंपाकघरात आधी जाणवायचं. पहिलं गेलं ते जेझुइटांचं छोटं कॉलेज. त्यांनी फुटबॉलच बंद केला. मग मिझूरीवाले शहरी गटात गेले, "आता आमच्या दर्जाचे लोक शोधतो" म्हणाले. त्यांची पोरं रोल खिशात भरून न्यायची, तो दर्जा व्हर्नानं डोळ्यांनी पाहिला होता. मग ओक्लाहोमा आलं. त्यामागून टेक्सासचं एक कॉलेज आलं, आणि त्यांच्या पोरांनी वाडग्यात डोकावून विचारलं, "हे काय? चिलीत राजमा?"

"मग काय घालतात, खडे?" व्हर्नानं विचारलं.

"चिलीत राजमा नसतो, मॅडम. आमच्याकडे याला चिली म्हणत नाहीत."

"तुमच्याकडे जेवायला आले की सांगते मी, तुमच्याकडे कशाला काय म्हणतात ते. आता गिळा."

त्यांनी गिळली, आणि पुढच्या खेपेला दोनदा मागून घेतली. वाईट नव्हती पोरं. वाईट होते त्यांचे वरचे. आमच्या राज्यात टीव्ही जास्त, म्हणून टीव्हीच्या पैशांत आम्हाला वाटा जास्त, असं त्यांनी सुरू केलं. तो दिला. मग आमच्या मनासारखी वेळापत्रकं करा म्हणाले. तीही केली. मग वाटाही घेतला आणि वाटही धरली, जाताना ओक्लाहोमाला बरोबर नेलं. इतका काळ नांदलेली माणसं एका पत्रकार परिषदेत काडीमोड घेऊन मोकळी! कॉन्फरन्सचं नाव तेवढं 'प्लेन्स सेव्हन'च राहिलं. सात कधी नऊ असायचे, कधी पाच. मोजायची लाज कुणाला वाटली नाही.

प्रत्येक वेळी व्हर्ना आठवडाभर धुमसायची आणि शेवटी एकच म्हणायची, "जाऊ देत मेले. ओरिन आहे ना."

ओरिन होतंच. राज्याची सीमा ओलांडली की दीड तासावर. एका वर्षी ओरिनचा बँड आमच्याकडे, पुढच्या वर्षी आमचा त्यांच्याकडे. तिकडची पळी इर्मा स्वोबोडाच्या हातात होती. उंच, हाडकुळी, बोलायला तिखट बाई. दोघी भेटायच्या वर्षातून एकदाच, कधी या तळघरात, कधी त्यांच्याकडच्या माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये. फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. पण ओरिनचा खेळ जवळ आला की व्हर्ना स्वतःचे केस स्वतः सेट करायची, आणि ते कशासाठी हे ड्वाइटला ठाऊक होतं.

बातमी आली त्या नोव्हेंबरात ओरिनचा बँड शेवटचा आला. इर्मा बरोबर होती. तिनं चमचाभर चिली तोंडात घेतली आणि नाक मुरडलं.

"राजमा कच्चा राहिलाय."

"राजमा शिजलाय. तुझे दात गेलेत."

"बरं. पुढच्या वर्षी कोण येतंय गं इथे जेवायला? डॉल्फिन?"

सगळ्या बायका हसल्या. व्हर्नाही हसली, पण तिचा हिशेब सुरू झाला होता. ओरिनचा खेळ राहिला नाही, तर ही बाई पुन्हा या पायऱ्या उतरायची नाही. आणि पायऱ्या उतरणारं कुणी नसेल, तर तिनं कोणासाठी चूल पेटवायची?

म्हणून मार्चमध्ये कॉलेजचे क्रीडासंचालक ब्रेंट लेथ्रॉप गावाची समजूत घालायला त्याच तळघरात आले, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. लेथ्रॉप दोनच वर्षांपूर्वी कुठूनसे आलेले, दात फार पांढरे. त्यांनी पडद्यावर नव्या कॉन्फरन्सचा नकाशा दाखवला. एक ठिपका पार डावीकडे, बाकीचे पार उजवीकडे, आणि मध्ये एकटं टिल्डन फोर्क, जत्रेत हरवलेल्या पोरासारखं.

"मिसेस कोल्टरमन, तुमच्यासारख्या लोकांमुळेच आपलं प्रॉडक्ट उभं आहे," ते म्हणाले.

"कसलं प्रॉडक्ट? आम्ही काय टोमॅटो सॉस विकतो? ओरिनशी खेळणार का नाही, तेवढं सांगा."

"कॉन्फरन्सबाहेरचे सामनेही असतातच. वेळापत्रकात जागा निघाली तर नक्की विचार करू."

"जागा कसली काढताय? त्या शनिवारी माझ्या आजीच्या काळापासून ओरिन बसलंय. बसलेल्या माणसाला उठवून वर जागा शोधतो म्हणता?"

मागून टाळ्या पडल्या. लेथ्रॉप हसले. त्यांना हसण्याचाच पगार होता.

"आणि जेवणाचं काय?" व्हर्नानं विचारलं. "पाहुण्या बँडचं?"

"जेवण तर हवंच! ही परंपराच आपली ओळख आहे. पहिल्याच सामन्याला दणक्यात करा."

इथे आमच्या लोकांची चूक झाली, आणि ती फक्त आमच्याच लोकांची होऊ शकते. तळघर भरलेलं होतं, शिकलेसवरलेले होते, वकील होता, बँकवाला होता. पण बँड येणार आहे का, हा प्रश्न एकालाही सुचला नाही. का सुचावा? वाजंत्रीशिवाय वरात निघते हे ज्यानं पाहिलेलंच नाही, तो वाजंत्री येणार का असं विचारत बसेल का? बायकांनी त्याच दिवशी कामं वाटून घेतली.

पहिला सामना सप्टेंबरात होता, अटलांटिकच्या काठावरच्या एका कॉलेजशी. वेळ टीव्हीवाल्यांनी ठरवली होती, सकाळी अकरा. म्हणजे शेतावरची कामं उरकून कुणी येऊच नये. व्हर्ना पहाटेपासून तळघरात होती. दोन मोठी पातेली रटरटत होती, रोलांचे ट्रे खिडकीपर्यंत रचलेले. समुद्रावरच्या पोरांना तिखट चालतं की नाही कोण जाणे, म्हणून तिनं एका पातेल्यात मिरची कमी टाकली होती. सामना तिनं रेडिओवर ऐकला. आपण सपाटून हरलो. तिनं एप्रन झटकला, टेबलांवरून शेवटचा हात फिरवला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, पाहुण्यांना या म्हणायला.

कुणी आलं नाही. रोल निवायला लागले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ड्वाइट एकटा पायऱ्या उतरून आला, हातात टोपी.

"व्हर्ना, बँड नव्हताच."

"नव्हता म्हणजे?"

"आणलाच नाही त्यांनी. विमानानं टीम आली, विमानानं गेली. आपलीच पोरं वाजवत होती, आणि जाहिरात लागली की त्यांनाही गप्प करत होते. मोठ्या पडद्यावर कसलीशी ठोकठोक लावली होती."

व्हर्नानं लेथ्रॉपच्या ऑफिसला फोन लावला. एका गोड आवाजाच्या पोरीनं उचलला. "इतक्या लांब कुणीच बँड आणत नाही, मॅडम," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं का?" आणि वर म्हणाली, "अन्न वाया जात असेल तर प्रायोजकांच्या तंबूत पाठवता का? तिथे लोकांना थोडं घरगुती काहीतरी आवडेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फसवलं याचा राग होताच. पण फसवण्याइतकीही किंमत दिली नव्हती, याचा जास्त होता. लेथ्रॉप खोटं बोलले असते तर निदान त्यांना विचार तरी करावा लागला असता. त्यांनी विचारच केला नव्हता. बायका पहाटे उठून कुणासाठी राबणार आहेत, हे त्या माणसाच्या डोक्यात क्षणभरही आलं नव्हतं, आणि तरी तो 'दणक्यात करा' म्हणून गेला होता.

"प्रायोजकांना सांग, घरगुती हवं असेल तर घरी जा म्हणावं," तिनं फोन ठेवला. "ड्वाइट, पिकअप काढ."

"कुठे?"

"ओरिनला."

ड्वाइटनं टोपी घातली. व्हर्नानं आयुष्यात पहिल्यांदा इर्माचा नंबर फिरवला. ओरिनचाही त्या दिवशी घरचा खेळ होता. आम्ही सोडून गेल्यावर विस्कटलेल्या वेळापत्रकात त्यांनी कुठलंसं बारकं कॉलेज मिळवलं होतं.

"इर्मा? तुमची बँडची पोरं घरी सोडू नकोस. जेवण घेऊन येतेय."

पलीकडे इर्मानं कुणाला तरी पोरांना थांबवायला सांगितलं. मग, "ये."

सगळी वाट व्हर्ना बोलत होती. लेथ्रॉप, टेक्सास, टीव्ही, प्रायोजक, कुणाला सोडलं नाही. कापलेल्या मक्याची शेतं दोन्ही बाजूंनी मागे पडत होती. "झाकणं घट्ट बांधलीस ना?" एवढंच ड्वाइटनं एकदा विचारलं.

लीजन हॉलच्या मागच्या दारात इर्मा उभी होती. तिनं व्हर्नाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जॅकेट घालूनच आलीस."

"अगं, सकाळपासून अंगावर आहे, लक्षात कुठे राहतंय. धर हे पातेलं."

दोघींनी पातेली शेगडीवर चढवली. ढवळता ढवळता व्हर्नाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. "काय वाटोळं केलं बघ मेल्यांनी आपलं! आपल्याला वाऱ्यावर सोडून—"

"आपल्याला?" इर्मानं शेगडी बारीक केली. "तुम्ही गेलात, व्हर्ना. आम्ही कुठेच गेलो नाही. आम्ही इथेच आहोत."

"मी गेले? मी त्या माणसाला सगळ्यांदेखत—"

"टाळ्या पडल्या म्हणे. ऐकलं मी. इकडे काय पडलं ते ऐकायचंय?" इर्मा आवाज न चढवता बोलत होती, आणि तेच जास्त लागत होतं. "तुमचा खेळ असायचा तेव्हा आमचं स्टेडियम भरायचं, आणि त्या एका दिवसावर आमचा बाकी हंगाम निघायचा. आज निम्म्या बाकांवर कबुतरं होती. कॉलेजच्या बोर्डानं ठरवलंय. हे शेवटचं वर्ष. फुटबॉल बंद. फुटबॉल नाही, म्हणजे बँडही नाही."

व्हर्नाच्या हातातली पळी थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"जावई बोर्डावर आहे. हंगाम संपला की जाहीर करणार. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही."

"पोरांना माहीत नाही?"

"नाही."

व्हर्नाला एकदम उकडायला लागलं. तिनं जॅकेट काढलं, कुठे ठेवावं कळेना, शेवटी पिठाच्या पोत्यावर टाकलं. इतके महिने ती स्वतःला लुबाडलेल्यांत धरत होती. या दारातून बघितलं तर ती लुबाडणाऱ्यांच्या घरची होती. तिनं काही केलं नव्हतं हे खरंच होतं, आणि त्यानं ओरिनला काडीचा फरक पडत नव्हता, हेही खरंच होतं. तिला इर्माचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा त्या पांढऱ्या दातांचा. शेवटी ती वाढायला बाहेर गेली, कारण राग आला तरी चिली गरमच वाढायची असते.

पोरं रांगेत उभी होती, गणवेशाची बटणं सोडलेली, ओठांवर तोंडवाद्यांचे लाल वळ. व्हर्नाला बघून ती ओरडली. गेल्या नोव्हेंबरात तिच्या तळघरात जेवलेली बरीच होती त्यांत. प्रत्येकाला तिनं वाडगाभर चिली आणि वर रोल दिला. ट्रॉम्बोन वाजवणारी एक ठेंगणीठुसकी, केसांच्या दोन वेण्या घातलेली मुलगी वाडगा घेऊन तिथेच रेंगाळली.

"मिसेस कोल्टरमन, पुढच्या वर्षी आम्ही परत तुमच्याकडे ना? सर म्हणाले, ही एका वर्षाचीच सुट्टी आहे. वेळापत्रकात जागा निघतेय."

व्हर्नानं मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून इर्मा मान हलवत होती: नको.

हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, थोडं हसू, आणि पोरगी खुशीत जाऊन बसली असती. मग नोव्हेंबरात कुणीतरी कागदावरून वाचून दाखवलं असतं, डुकरांच्या भावाआधी. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वाट बघताना कसं वाटतं, हे व्हर्नाला आज दुपारीच कळलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुमचा फुटबॉल बंद करतायत, आणि बँडही. मोठी माणसं ठरवून बसलीत, तुम्हाला सांगायची हिंमत नाही त्यांच्यात."

"व्हर्ना!" इर्मा दारातून म्हणाली.

"काय व्हर्ना? वाजवतात कोण? तुझा जावई वाजवतो का?"

जवळच्या टेबलावरचे चमचे थांबले. मग त्याच्या पलीकडच्या. ढोलवाला एक दांडगा मुलगा उभा राहिला आणि काय करावं न कळून परत बसला. इर्मानं एप्रनला हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले, आणि पुढे येऊन रोलांचा ट्रे उचलला. "खरं आहे ते," ती पोरांकडे न बघता म्हणाली. "मलाच बोलायला हवं होतं."

वेण्यांवाली मुलगी अजून तिथेच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हनुवटी वर होती, आणि चेहरा लालबुंद झाला होता. तो राग व्हर्नाच्या चांगला ओळखीचा होता.

"अख्खा बँड?" तिनं विचारलं.

"अख्खा."

मुलीनं हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. मग तो पुढे केला.

"मग अजून वाढा," ती म्हणाली.

व्हर्नानं काठोकाठ वाढलं, आणि तिच्यामागे पुन्हा रांग लागली.